शिवणीतला धागा

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. अकरा वर्षे नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही, ज्या समितीत मी आजही बसतो तिलाही नाही. एका व्यक्तीला सांगितली — पंधरा दिवसांपूर्वी — ते शेवटी येईल. तुम्ही दुसरे.

मी निवृत्त शिक्षक आहे. हळ्ळीखेडच्या मराठी शाळेत इतिहास शिकवला. वय अठ्ठ्याहत्तर. माझे जुने विद्यार्थी सांगतील की सरांना हसताना कधी कोणी पाहिले नाही. ते खरे नाही. कापड हातात आले की मी हसतो. फक्त तेव्हा शेजारी कोणी नसते.

कापडाचा आणि इतिहासाच्या मास्तराचा संबंध काय? सांगतो. दर हिवाळ्यात बिदरच्या किल्ल्याबाहेरच्या मैदानात आम्ही एक दिवस पाचशे वर्षांपूर्वीचा बाजार उभा करतो. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांचे संघ येतात. कोणी घोडेस्वार होतो, कोणी विणकर, कोणी इराणातून आलेला सौदागर. बोलणे मराठी, कानडी, दखनी — जे ज्याला येते ते. दुपारी सुलतानाच्या वजिराची मिरवणूक निघते आणि खेळ संपतो.

पहिल्या वर्षी मी तो पाहायला गेलो आणि अर्ध्यातून उठलो. सैनिकांचे फेटे लग्नाच्या मांडवासारखे चकाकत होते. जामे टेरिकॉटचे, म्हणजे सुतात पॉलिस्टर मिसळलेले. उन्हात ते पोरांच्या पाठीला चिकटले होते आणि वारा आला तरी हलत नव्हते. पाचशे वर्षांपूर्वी बिदरमध्ये पॉलिस्टर कुठले? मी समितीला पत्र लिहिले. समितीचे प्रमुख आडत व्यापारी, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांनी उत्तर पाठवले : मग सर, तुम्हीच या.

मी गेलो. नियम लिहिला — कापड सुती, लोकरी अथवा रेशमी असावे. दुसरे चालणार नाही. नियम एका ओळीचा होता. ती ओळ लक्षात ठेवा.

आणि तपासणी सुरू केली. तिची रीत सोपी आहे. टेबलावर दिवा, सुई, चिमटा, पांढरी बशी. कापडातून एक धागा ओढायचा आणि ज्योतीवर धरायचा. सूत असेल तर कागदासारखे जळते, मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर जळत नाही. ते आक्रसते, वितळते आणि टोकाला काळा, टणक मणी धरते. मणी दिसला की पोशाख बाद. मुले मला दोरा-सर म्हणू लागली. एका वर्षी भालकीकडचा एक दांडगा घोडेस्वार टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "सर, आता चड्डी बी जाळून बघणार का काय?" सारे हसले. मी म्हणालो, "चड्डी दिसत नाही. फेटा दे." फेट्यात मणी निघाला. तो तसाच बोडक्याने घोड्यावर बसला.

तिसऱ्या वर्षी सगळे संघ सुती कपड्यांत आले. ते दृश्य मी कसे सांगू? दोनशे माणसे मैदानावर, आणि कुठेही चकाकी नाही! मांजरपाटाचा मळकट पांढरा, काताचा तांबडा, निळीचा निळा. वारा आला आणि जाम्यांचे घेर एकदम उचलले गेले — एकदम, जणू कोणी हुकूम दिला. घोडे फुरफुरले. धुळीला, घामाला, ओल्या सुताला एक वास असतो, तो आला. मी पासष्टीचा माणूस, तटाखाली उभा राहून टाळ्या वाजवू लागलो. वर्गात तीस वर्षे जे फळ्यावर लिहिले ते माझ्यासमोरून चालत जात होते. मी म्हणालो — कोणाला नाही, स्वतःलाच — हे मी केले.

दोष तिथून सुरू झाला असावा. नक्की सांगता येत नाही.

कमठाण्याला सुजाताबाई म्हणून एक शिंपीकाम करणाऱ्या बाई आहेत. बौद्ध घरातल्या. वडील शेतमजूर होते. बाईंनी शिलाई मशीन घेऊन रस्त्याला लागून एका खोलीत दुकान टाकले. कमठाण्याच्या संघाचे कपडे त्या शिवत. जाम्याच्या घेराची कळी कशी कापावी, बगलेत चौकोनी तुकडा कसा बसवावा, हे माझ्याकडून शिकल्या. मी चित्रे काढून दिली होती. एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नसे. असे विद्यार्थी मला शाळेत फार थोडे मिळाले.

अकरा वर्षांपूर्वी समितीने ठरवले की मिरवणुकीतल्या वजिराचा अंगरखा सर्व गावांतून निवडायचा. ज्याचा अंगरखा निवडला जाईल त्याच्याकडे पुढल्या वर्षापासून सगळ्या संघांचे शिवणकाम. सुजाताबाईंना ते काम हवे होते. उघडपणे हवे होते. आणि मला? मला शिवणकाम करायचे नव्हते. वजीर दरवर्षी मीच होत असे. माझा अंगरखा मीच आखत असे, गावातला शिंपी तो शिवत असे. तो मान दुसऱ्याकडे जाणे — तेवढेच मला नको होते.

तपासणीच्या दोन महिने आधी त्या माझ्या घरी आल्या. पिशवीतून वीतभर कापड काढले. त्यांचा श्वास लागला होता, बस स्टँडवरून चालत आल्या होत्या, पण बसेनात.

"सर, हात लावून बघा. आदी हात लावा, मग बोला!"

मी हात लावला. जाड सूत, पण आतून नरम. धागा कुठे फुगलेला, कुठे बारीक, जसा चरख्यावर हातांनी निघतो तसा. खळ अशी की कापड उभे राहावे, पण कडकडू नये. निंबर्ग्याला एक म्हातारे विणकर हातमाग मोडीत काढायला निघाले होते. बाई चार वेळा बस बदलून तिकडे गेल्या होत्या. पहिल्या तीन वेळा अज्जांनी दारातूनच परत पाठवले. चौथ्या वेळी बाईंनी खाली बसून मागाच्या तुटक्या दोऱ्या जोडायला घेतल्या. मग अज्जा विणायला बसले.

हे सारे त्यांनी एका दमात सांगितले. मी दिवा लावला आणि धागा जाळला. उभा एक, आडवा एक. राख बोटांत चुरली. शुद्ध सूत.

मी म्हणालो, "बरे आहे."

एवढेच. आत काय चालले होते ते त्यांना कसे कळावे? असे कापड मी आयुष्यात पाहिले नव्हते. त्या गेल्यावर मी अंगणात फेऱ्या घातल्या. हातांना अजून त्या विणीचा स्पर्श होता. पाचशे वर्षांपूर्वीचा वजीर हेच ल्याला असेल, असेच त्याचे घेर पडले असतील — मला नाचावेसे वाटत होते. आणि त्याच क्षणी मला हेही कळले होते की हा अंगरखा आला तर माझा निवडला जाणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच छातीत होत्या. त्यांचे भांडण झाले नाही. याचे मला आजही नवल वाटते.

दुसऱ्याच आठवड्यात मी हैदराबादला गेलो. मशरू आणायचे ठरवले. मशरू म्हणजे वरून रेशीम आणि आतून सूत असे जुने कापड : उभा धागा रेशमी, आडवा सुती. वर तकाकी, अंगाला मऊ. दुकानदाराने ठाण उलगडले — डाळिंबी रंग, पिवळ्या रेघा. काय सांगू! अंगावर काटा आला. दुकानदार म्हणाला, साहेब, जाळून बघायचे तर बघा. मी म्हणालो, "गरज नाही. मला हाताने कळते."

तपासणीच्या आदल्या सकाळी शिंप्याने अंगरखा आणून दिला. सोबत उरलेल्या चिंध्या होत्या. सहज म्हणून मी एकीतला उभा धागा ज्योतीवर धरला. तो आक्रसला. काळा मणी आला. दुसरा धरला. मणी. तिसरा. मणी. आडवे धागे सुती होते, त्यांची राख झाली. पण जे दिसते ते सगळे — ती तकाकी, ते डाळिंब — पॉलिस्टर.

मी तो अंगरखा घरी ठेवू शकत होतो. आजारी पडलो असे सांगू शकत होतो. सरळ सांगू शकत होतो की मी फसलो. यांपैकी काय केले? मी तो घडी करून पिशवीत घातला.

तपासणी खेळाच्या दिवशी सकाळी मैदानातच होती. टेबल, दिवा, बशी. संघ रांगेत. कमठाण्याचा क्रमांक आला तेव्हा सुजाताबाईंनी अंगरखा उलगडून टेबलावर पसरला आणि गलका थांबला. खरोखरच थांबला. अप्पा खुर्चीवरून उठून आले. "सर, ह्ये तर एकच नंबर झालंय की हो! आता जाळायचं कामून? बघूनच कळायलंय."

"नियम आहे," मी म्हणालो.

आता हळू सांगतो.

अंगरख्याचा घेर मी उलटा केला. आतली शिवण वर आली. मशीनवर शिवलेल्या कपड्याची शिवण आजकाल पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते. सुती दोरा मशीनच्या वेगाला तुटतो. शिंपी पॉलिस्टरचाच वापरतात, सगळेच. माझ्या अंगरख्याची शिवणही त्याच दोऱ्याची होती. माझ्या नियमात कापडाबद्दल लिहिले होते, दोऱ्याबद्दल नव्हते. हे मला माहीत होते. सर्व काही माहीत होते. मी सुई घातली आणि धागा ओढला — कापडातला नाही, शिवणीतला. रंग सारखाच. चार हातांवरून कोणाला फरक कळणार?

ज्योतीवर धरला. मणी आला.

मी बशी पुढे केली. "पाहा" एवढेच म्हणालो असेन.

सुजाताबाईंनी बशीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "असं कसं व्हईल सर? तुमीच तर जाळून बघितलात घरी. माझ्यासमोर!"

आणि मी म्हणालो, "तो तुकडा वेगळा असेल."

माझा दोष या चार शब्दांत आहे. धागा ओढणारा हात कदाचित घाईचा, गोंधळाचा म्हणता आला असता. हे शब्द म्हणता येणार नाहीत. मी त्यांना चोर ठरवले. गर्दीत कोणीतरी हसले. कोणी म्हणाले, "दाखवायचं एक, आणायचं एक व्हय!" बाईंनी अंगरखा गोळा केला. त्यांनी वाद घातला नाही. मी सर होतो ना.

मग माझा अंगरखा. मी स्वतःच तपासला. काठावरचा आडवा धागा काढला, सुती. राख झाली. अप्पांनी टाळी वाजवली.

तुम्हाला वाटेल की त्या दिवशी मला लाज वाटली असेल. नाही. खरे सांगायला बसलो आहे तर हेही सांगतो — मला आनंद झाला. मिरवणूक निघाली, मी पुढे होतो. ताशे कडाडत होते, डाळिंबी अंगरखा उन्हात पेटल्यासारखा दिसत होता, दोन्ही बाजूंनी लोक हात उंचावत होते. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. इतका आनंद मला नोकरी लागली त्या दिवशी झाला नव्हता.

एक प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. अंगरखा अप्पांच्या सुनेने शिवलेला असता, किंवा आमच्या भावकीतल्या कोणी, तर माझी सुई शिवणीत गेली असती का? "दाखवायचं एक, आणायचं एक" हे बाकीच्यांनी इतक्या चटकन मान्य केले असते का? मी सुई घातली तेव्हा मला हे माहीत होते का, की या बाईंच्या बाजूने कोणी बोलणार नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे.

पुढल्या वर्षी कमठाण्याचा संघ आला नाही. नंतरही आला नाही. शिवणकाम माझा अंगरखा शिवणाऱ्या शिंप्याकडे गेले. सुजाताबाई शाळेचे गणवेश शिवतात असे कानावर आले. निंबर्ग्याच्या अज्जांनी माग विकला. आणि मी — मी दरवर्षी नव्या मुलांच्या शिबिरात धाग्यांची परीक्षा शिकवताना एक उदाहरण देत आलो. नाव न घेता. एक अंगरखा होता, म्हणत असे, सर्वांचे डोळे फसले, दिसायला हातमागाचे सूत, जाळले तर पॉलिस्टर. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मुले वहीत लिहून घेत.

दहा वर्षे मी हे शिकवले.

यंदाच्या शिबिरात औरादकडची एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. हात वर न करताच तिने विचारले, "सर, तवा चुकून शिलाईचा दोरा तर जाळला न्हाई ना? कापड चांगलं असंल की."

साधी शंका. कोणालाही यावी अशी. अकरा वर्षांत कोणाला आली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि वहीत लिहिले. तिने ते लिहिताना मी पाहिले.

चार दिवसांनी मी कमठाण्याची बस धरली.

दुकान तेच. आत निळ्या गणवेशांचे ढीग. सुजाताबाईंचे केस पांढरे झाले आहेत. मला पाहून त्या उठल्या, खुर्ची पुसली, पोटमाळ्याकडे तोंड करून कोणाला तरी चहा टाकायला सांगितले. मी बसलो नाही. उभ्याने सांगितले. तुम्हाला इतके लांब सांगितले, त्यांना पाच-सहा वाक्यांत सांगितले : तुमचे कापड शुद्ध होते. मी शिवणीतला धागा ओढला. मुद्दाम ओढला. माझे मशरू पॉलिस्टरचे होते. ते मला माहीत होते.

त्यांच्या हातात कात्री होती आणि कापड अर्धे कापलेले होते. त्यांनी काप पुरा केला. कात्री खाली ठेवली. मी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर वयाकडे पाहून त्यांनी दिली असती, आणि तेवढ्यासाठी मी आलो नव्हतो.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरला आले आन् अख्खा अंगरखा उसवला. दोरे झाडून फेकून दिले. मग कापडातला एकेक धागा वढून जाळत बसले. आठ दिवस. अर्ध्याच्या वर कापड जाळलं. सगळी राख. मणी कुठंच न्हाई. मग मला वाटलं, सरांना दिसतंय ते मला दिसत न्हाई. मलाच वळखाय येत न्हाई."

मला हे माहीत नव्हते. काम गेले, नाव गेले, एवढे मी धरून चाललो होतो. ते कापड असे धागा-धागा जळाले, हे माहीत नव्हते. आणि अकरा वर्षे या बाई कापडाला हात लावताना स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवत नव्हत्या, हे माहीत नव्हते.

त्यांनी कापलेल्या कापडाची कड बोटांत धरली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चढत गेले. मी राग समजलो. त्यासाठी मी तयार होतो.

"म्हंजी मला येत होतं!"

त्या केवढ्याने ओरडल्या! रस्त्यावरचा सायकलवाला वळून पाहू लागला. "मला वळखाय येत होतं! गंगाअक्का! अगं गंगाअक्का, ये की हिकडं, लवकर ये!" शेजारची बाई पीठमाखले हात घेऊन धावत आली. "काय झालं गं? कामून वरडायलीस? कोण मेलं का काय?" सुजाताबाईंनी तिचा पदर धरला, डोळे मिटले, दोन बोटांत चुरला. "ह्ये सुती न्हाई. अर्धं मिसळ हाय. व्हय का न्हाई?"

"दुकानदार तर सुती म्हनला होता," गंगाअक्का म्हणाल्या.

"फसवलंय तुला!" आणि त्या हसू लागल्या. दाराचा पडदा धरला, डोळे मिटूनच — "मांजरपाट, दोनदा धुतलेला." खुर्चीवरची गादी — "आत कापूस, वर नायलॉन." खुंटीवरची शाल, टोपलीतली चिंधी, पायपुसणे, दोरीवरचा टॉवेल. पोटमाळ्यावरून चहा घेऊन उतरलेल्या मुलीची ओढणी. त्या खोलीभर फिरत होत्या, एकेक कापड बोटांत घेत होत्या आणि नाव सांगत होत्या, भराभर, जणू अकरा वर्षे कोणी तोंड दाबून धरले होते. एकही चुकले नाही. मी मनात तपासत होतो. एकही नाही.

फिरत फिरत त्या माझ्यापाशी आल्या. माझी बाही दोन बोटांत धरली.

"टेरिकॉट," त्या म्हणाल्या.

"होय," मी म्हणालो.

त्यांनी ऐकले की नाही, सांगता येत नाही. त्या पुढच्या कापडाकडे गेल्या होत्या.